मधाच्या रंगाची झिलई

शाळेतून निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती, तरी त्यांना सगळे गणिताच्या बाईच म्हणत. कुंभारकामाच्या वर्गातसुद्धा. वाचनालयाच्या तळघरात दर गुरुवारी तीन ते सहा हा वर्ग भरे. चार चाकं, एक विजेची भट्टी, भिंतीला लागून कच्च्या भांड्यांच्या फळ्या आणि कोपरापर्यंत मातीने बरबटलेली दहा-बारा हौशी माणसं. त्यात एक बेकरीवाला होता, एक नर्स होती, आणि रंगाच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत पस्तीस वर्षं काढलेले एक गृहस्थ होते. त्यांना सगळे रंगवाले काका म्हणत.

महिन्याच्या शेवटच्या गुरुवारची बाईंना धास्ती असे. त्या दिवशी मधल्या टेबलावर प्रत्येकाने आपलं एक भांडं ठेवायचं आणि बाकीच्यांनी त्यावर बोलायचं. वर्ग घेणाऱ्या ताई म्हणत, दोन गोष्टी चांगल्या सांगा, एक सुधारायची सांगा. बाईंना चांगल्या दोन कधी ऐकूच येत नसत. सकाळपासून त्यांना जेवण जात नसे. एकतीस वर्षं त्यांनी पोरांच्या वह्यांवर लाल गोळे काढले, पण तेव्हा त्यांचं मन कधी हललं नव्हतं. आता मात्र नर्सने “वाडगा एका बाजूला कललाय का हो जरा?” असं नुसतं विचारलं, तर बाई पाठ धरल्याचं सांगून दोन गुरुवार घरी बसल्या होत्या.

घरात हे सगळ्यांना ठाऊक होतं. नवरा हयात होता तेव्हा म्हणायचा, हिला काही सांगायचं म्हणजे तापल्या तव्यावर हात ठेवायचा. एकुलती एक मुलगी तर हे बघतच मोठी झाली. भाजी खारट झाली की ती मुकाट्याने दोन पेले पाणी जास्त प्यायची.

झिलईचं असं झालं. भांड्यावर शेवटचा चकचकीत थर चढतो ती झिलई वर्गातलीच वापरायची, बाहेरचं काही भट्टीत घालायचं नाही, हा ताईंचा पहिला नियम. पण वर्गातली झिलई सगळ्यांच्याच भांड्यांवर असे, आणि बाईंना आपलं काहीतरी वेगळं दिसायला हवं होतं. भंगारवाल्याकडे त्यांना पत्र्याचा एक जुना डबा मिळाला. कधीच बंद पडलेल्या कौलांच्या कारखान्यातला माल, आत पिवळट पूड, डब्यावरची चिठ्ठी झिजून गेलेली. भंगारवाला म्हणाला, झिलईच आहे, चमकते. बाईंनी ती कालवून सहा मोठ्या कपांना लावली आणि ताईंना सांगितलं की वर्गातलेच दोन रंग एकत्र केलेत.

भट्टी उघडली तेव्हा सगळे बघत राहिले. कप मधाच्या रंगाचे निघाले होते, आणि आतून तर बरणीत खरंच मध भरल्यासारखे. एकदा तरी या टेबलावरून मान ताठ ठेवून उठायचं, असं बाईंनी मनाशी म्हटलं.

त्या गुरुवारी बेकरीवाला वा म्हणाला, नर्स वा म्हणाली, आणि कप रंगवाल्या काकांच्या हातात गेला. काकांनी तो दिव्याखाली धरला, आतून नखाने खरवडून पाहिला आणि आपल्या कोरड्या आवाजात म्हणाले, “रंग सुंदर आहे. पण यातून कुणी काही पिऊ नये.”

बेकरीवाल्याला हसू आवरलं नाही. काका, एवढाही काही वाईट नाही हो, असं तो म्हणाला, आणि हशा टेबलभर पसरला. काका हात वर करून काहीतरी सांगत होते, ही झिलई आणली कुठून असं विचारत होते, पण बाईंच्या कानात गरम वाफ भरल्यासारखं झालं होतं. त्यांनी काकांच्या हातातून कप काढून घेतला, पिशवीत घातला आणि त्या जिना चढून बाहेर पडल्या. खरं सांगायचं तर त्या ‘कुठून’ या प्रश्नालाही घाबरल्या होत्या.

त्यानंतर त्या वर्गाला गेल्या नाहीत. काकांचे तीन फोन आले. पहिल्या दोन वेळा बाईंनी वाजू दिला, तिसऱ्या वेळी तो नंबरच बंद करून टाकला. ताईंना सांगितलं, गुडघे दुखतात. आणि त्याच आठवड्यात, कोण पीत नाही तेच बघते अशा इरेला पेटून, त्यांनी कप वाटले. एक जाऊबाईंना, एक शेजारणीला, एक चष्मेवाल्याला, एक शाळेच्या जुन्या मुख्याध्यापिकांना. एक स्वतःच्या काचेच्या कपाटात ठेवला. सगळ्यांत देखणा कप त्यांनी मुलीला दिला. मुलीला तेव्हा नुकताच तिसरा महिना लागला होता.

मुलगी दोन गल्ल्या सोडून राहायची. बाई सकाळी फिरून येताना तिच्याकडे डोकावत. मुलीला उलट्यांनी हैराण केलं होतं, आणि कोमट पाण्यात लिंबू पिळून घेतलं की जरा बरं वाटे. ते लिंबूपाणी ती आईच्या कपातून प्यायची. बाई समोर बसून बघत आणि मनात काकांना उत्तर देत.

असे तीन-साडेतीन महिने गेले.

एका सोमवारी मुलगी आत कपडे बदलत होती, म्हणून लिंबूपाणी बाईंनीच करायला घेतलं. त्यांनी ओट्यावर पालथा घातलेला कप उचलला आणि आत पाहिलं. मध गेला होता. वरच्या काठाशी बोटभर चमक शिल्लक होती, त्याखाली सगळं निस्तेज, पांढुरकं, कुणी चाटून घेतल्यासारखं. बाईंच्या डोक्यात पहिला विचार आला तो हाच, की पोरीने आपल्या कपाची वाट लावली.

तारेच्या घासणीने घासतेस का, असं त्यांनी दारातूनच विचारलं. मुलगी म्हणाली, साध्या स्पंजने धुते.

“मग चमक गेली कुठे?”

मुलगी खिडकीबाहेर बघत राहिली. बाईंनी कप पिशवीत कोंबला, परत झिलई लावून आणते म्हणाल्या आणि फणकाऱ्याने निघाल्या.

औषधांच्या दुकानाच्या कोपऱ्यापर्यंत त्या रागातच चालत होत्या. तिथे सिग्नलला थांबल्या, आणि स्वतःचाच प्रश्न त्यांना पुन्हा ऐकू आला. मग चमक गेली कुठे? आयुष्यभर पोरांना वजाबाकी शिकवलेली बाई ती. एका जागेतून काही कमी झालं तर ते दुसरीकडे कुठेतरी गेलेलं असतं. कपातून गेलं ते लिंबाच्या पाण्यात गेलं. आणि लिंबाचं पाणी गेलं पोटात.

यातून कुणी काही पिऊ नये. हे वाक्य त्यांनी शंभरदा मनात घोळवलं होतं, पण दर वेळी त्याच्या मागे बेकरीवाल्याचं हसू असायचं. आज हसू नव्हतं. पस्तीस वर्षं रंगाच्या प्रयोगशाळेत काढलेला माणूस नखाने झिलई खरवडून काय म्हणाला, एवढंच उरलं होतं.

 दुकानाच्या कठड्याला धरून त्या उभ्या राहिल्या. सिग्नल हिरवा झाला, लोक ओलांडून गेले, पुन्हा लाल झाला. पिशवी हातात होती आणि ती जड लागत होती. कुणीतरी विचारलं, चक्कर येतेय का.

काकांचं घर त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. ताईंना फोन करून पत्ता विचारताना त्यांचा आवाज असा काही लागला की ताईंनी उलट काही विचारलंच नाही. रिक्षात बसल्यावर बाईंच्या लक्षात आलं, की एवढ्या मोठ्या भीतीच्या आत अजून एक छोटी भीती तशीच शिल्लक आहे. काका म्हणतील, मी सांगितलं होतं. आपली पोर अशी संकटात, आणि आपल्याला हे सुचतंय, याची त्यांना किळस आली. तरीही ते मनातून जाईना.

काका तिसऱ्या मजल्यावर राहत. दार उघडलं तेव्हा चष्मा कपाळावर होता आणि हातात वर्तमानपत्र. बाई बसल्या नाहीत. उभ्या उभ्याच त्यांनी पिशवीतून कप काढून पुढे केला. काकांनी आत पाहिलं आणि त्यांचा चेहराच बदलला.

“कोण पीत होतं यातून?”

“मुलगी माझी. सहावा महिना सरत आलाय तिचा.”

काका आत गेले आणि खोकल्याच्या गोळ्यांचा असावा तसा एक डबा घेऊन आले. त्यात कापूस लावलेल्या काड्या होत्या. एक काडी कुठल्याशा द्रावणात भिजवून त्यांनी ती कपाच्या आतून घासली आणि टेबलावर पांढऱ्या कागदावर ठेवली. थोडं थांबा, म्हणाले. बाईंनी काडीवरून नजर हलवली नाही. कापूस पांढरा होता. मग कडेने गुलाबी झाला. मग लाल झाला, आणि लाल होतच राहिला.

काका म्हणाले, शिसं आहे, आणि भरपूर आहे. जुन्या कौलांच्या झिलईत घालायचे, चमक यायची त्यानेच. नुसतं पाणी ठेवलं तर थोडं सुटतं, पण आंबट काही ठेवलं की झपाट्याने सुटतं. रक्तात जातं, रक्तातून बाळाकडे जातं.  

“आत्ता जा. उद्यावर टाकू नका. रक्त तपासायला सांगा, शिशासाठी म्हणून सांगा, नाहीतर ते भलतंच तपासतील.”

बाई दारापर्यंत गेल्या. आता ते म्हणतील, असं वाटून त्यांनी खांदे आवळून घेतले. काका म्हणाले ते वेगळंच होतं.

“मी तीनदा फोन करून सोडून दिलं. घरी यायला हवं होतं मी. मला वाटलं, बाई रागावल्यात, म्हातारा मागेच लागला म्हणतील.”

बाईंना वाटलं, यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मुलीच्या घरी त्या पोहोचल्या तेव्हा जावई कामावर गेले होते आणि मुलगी सोफ्यावर पाय वर घेऊन पडली होती. बाईंनी तिच्या समोर खुर्ची ओढली. वाटेत त्यांनी वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही आठवेना. मग त्यांनी डब्यापासून सगळं सांगितलं. भंगारवाला, ताईंना मारलेली थाप, काकांचं वाक्य, बंद केलेला नंबर, लाल झालेली काडी. एकदाही आपली बाजू मांडली नाही. मुलगी पोटावर हात ठेवून ऐकत होती. 

 सगळं ऐकून ती म्हणाली, “मला महिन्यापूर्वीच दिसलं होतं, चमक जातेय ते.”

बाई तिच्याकडे बघत राहिल्या.

“तोंडाला विचित्र चव यायची. मला वाटलं, दिवस गेलेत म्हणून असेल. पण कप आवडेनासा झाला होता. एक आठवडा मी स्टीलच्या पेल्यातून प्यायले. आठवतंय तुला?”

बाईंना आठवलं. पेला पाहून त्यांनी एक शब्दही काढला नव्हता. नुसत्या चार दिवस आल्या नव्हत्या, आणि फोनवर हो-नाही एवढंच बोलत होत्या.

“मग मी पुन्हा कप काढला,” मुलगी म्हणाली. “तुला कोण सांगणार, आई?”

ती रडत नव्हती. रडली असती तर बाईंनी तिला जवळ घेतलं असतं. ती नुसती घाबरली होती, लहानपणी अंधाऱ्या जिन्यात घाबरायची तशी, आणि घाबरून आईकडे बघायची तिची सवय आज कामाची नव्हती. बाईंना तेव्हा पहिल्यांदा कळलं, की आपण लोकांच्या बोलण्याला घाबरत होतो, आणि आपली पोर त्याहून जास्त आपल्याला घाबरत होती.

जावयांना फोन केला, ते अर्ध्या तासात आले. रागावले असतील, पण बायकोचा हात धरून गाडीपर्यंत नेताना ते बाईंना एवढंच म्हणाले, “आई, तुम्हीही चला. डॉक्टरांना झिलईचं तुम्हालाच नीट सांगता येईल.” डॉक्टरीणबाईंपुढे बाईंनी ते सगळं दुसऱ्यांदा सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी चेहऱ्यावर काही दाखवलं नाही. रक्त घेतलं, लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या वाढवल्या. अहवाल यायला तीन दिवस लागणार होते.

ते तीन दिवस बाईंनी कप गोळा करण्यात घालवले, कारण घरात बसवेना.  जाऊबाईंकडे नातू होता चार वर्षांचा. दूध कशातून पितो तो, हे बाईंनी आधी विचारलं. जाऊबाई आधी आढेवेढे घेत राहिल्या, मग म्हणाल्या, खरं सांगू का, रागावू नकोस, त्या कपाचा कान इतका बारीक आहे की त्यात बोटच जात नाही. आणल्या दिवसापासून तो माळ्यावर आहे. बाई तिथेच पायरीवर बसल्या. कान बारीक आहे, कान बारीक आहे, असं त्या स्वतःशी पुटपुटत राहिल्या. जाऊबाई घाबरून पाणी आणायला धावल्या.

चष्मेवाल्याने त्यात पेनं ठेवली होती, कारण चहा ओतला की काठावरून ओघळायचा. शेजारणीला तो भलताच जड वाटला होता, तिने त्यात रोप लावलं होतं. मुख्याध्यापिका तर चाचरत म्हणाल्या, की रंग त्यांना जरा भडक वाटला, म्हणून खोक्यातून काढलाच नाही. बाई प्रत्येकापुढे हात जोडत होत्या आणि लोकांना वाटत होतं, बाईंचं काहीतरी बिनसलंय. जन्मात पहिल्यांदा लोकांनी त्यांच्या कामाला नावं ठेवली आणि त्यांच्या छातीवरचा दगड हलला. पण थोडाच. कारण सगळ्या गावात त्या कपातून प्यायचं काम एकाच माणसाने नेमाने केलं होतं, आणि तेही त्यांच्या धाकाने.

तिसऱ्या दिवशी दवाखान्याच्या बाकावर तिघं बसली होती. समोरच्या दारावरची काच धुरकट होती, आणि त्यामागे कुणी हललं की बाई अर्धवट उठायच्या. मुलगी त्यांच्या शेजारी होती, पण मध्ये वीतभर जागा सोडून. बाईंनी ती जागा ओलांडली नाही.

रक्तात शिसं होतं. सुरक्षित म्हणतात त्या आकड्याच्या वर होतं, पण ज्याला डॉक्टर घाबरतात तिथपर्यंत गेलं नव्हतं. कप सुटला हे मुख्य, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. महिन्याने पुन्हा तपासू, बाळाची वाढ बघत राहू. जावयांनी विचारलं, बाळाला काही होणार नाही ना? त्या म्हणाल्या, खात्रीने सांगणं कठीण आहे, पण लक्षणं वाईट नाहीत. ‘खात्रीने’ हा शब्द बाईंना पुढचे तीन महिने पुरला. भाजी चिरताना, पाणी तापवताना, बाजारात सुट्टे पैसे घेताना तो मध्येच उभा राहायचा आणि हातातलं काम थांबायचं.

महिन्याने आकडा उतरला. त्याच्या पुढच्या महिन्यात आणखी उतरला.

मधल्या काळात बाई एकदा वर्गाला गेल्या, शेवटच्या गुरुवारी. टेबलावर त्यांनी सगळे सहा कप ठेवले, डब्याचं खरं काय ते सांगितलं आणि ताईंच्या भट्टीत आपण चोरून काय घातलं तेही सांगितलं.  ताईंनी त्यांना चांगलंच सुनावलं, भट्टी आतून तपासून घ्यावी लागेल म्हणाल्या, आणि वर्षभर बाईंनी स्वतःची झिलई स्वतः कालवायची नाही असं ठरलं. बाईंनी ऐकून घेतलं. सोपं गेलं असं नाही, घरी येऊन त्या रडल्या. पण पुढच्या गुरुवारी पाठ धरल्याचं सांगितलं नाही.

बाळ तीन आठवडे आधी आलं. मुलगी झाली. वजनाला थोडी कमी, पण आवाजाला खणखणीत. तिच्याही रक्ताचे दोन थेंब तपासायला गेले, आणि आकडा काळजी करावी असा नाही, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. बोलायला, चालायला लागेपर्यंत लक्ष ठेवा, असंही त्या म्हणाल्या. म्हणजे भीती घरी बरोबर आली ती आलीच.

दुसऱ्या दिवशी दुपारी जावई जेवायला गेले होते. दवाखान्यातल्या नर्सने बाळ बाईंच्या हातात दिलं. बाईंनी ते छातीशी धरलं आणि त्याच्या कपाळाकडे, नखांकडे, मिटलेल्या मुठींकडे एकेक करून बघत राहिल्या, काही चुकलंय का ते शोधत.

“आई,” मुलगी खाटेवरून म्हणाली. थोडी थांबली, आईच्या चेहऱ्याचा अंदाज घेत. “फार घट्ट धरतेस तू. तिला श्वास घेता येत नाहीये नीट.”

बाईंचे कान तापले. ओठांवर उत्तर आलं होतं, की मी तुला वाढवलंय, मला शिकवू नकोस. ते त्यांनी गिळलं.

“कुठे घट्ट लागतंय?” त्यांनी विचारलं.

मुलगी उठून बसली आणि आईचं डावं कोपर हाताने खाली करून दाखवू लागली.